विंचूदंशाच्या रुग्णावर प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचार कसे करावेत

लाल विंचू चावल्यावर नुसती वेदना असेल, तर दंशाच्या जागी लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन आणि काही तासांची देखरेख पुरते. मात्र दरदरून घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय दिसताच तोंडावाटे प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध द्यावे, मुलांना २५० व प्रौढांना ५०० मायक्रोग्रॅम, आणि हातपाय उबदार होईपर्यंत दर ३ तासांनी ती मात्रा पुन्हा द्यावी. या औषधाने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून रुग्णाला उठू देऊ नये. अ‍ॅट्रोपिन टाळावे, घाम थांबल्याचे समाधान मिळते खरे, पण हृदयावरचा ताण वाढतो. प्रतिविष उपलब्ध असल्यास तेही द्यावे, कारण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही औषधे मिळालेले रुग्ण केवळ प्राझोसिनवरील रुग्णांपेक्षा लवकर बरे झाले. धाप लागली किंवा फेसाळ कफ आला, तर ऑक्सिजन सुरू करून रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवावे.