अनकपल्ड लेन्स आणि रेंजफाइंडर कॅमेरा: या चुका टाळा

२५ मिमीची अनकपल्ड, म्हणजे कॅमेऱ्याच्या रेंजफाइंडरला न जोडलेली, लेन्स नवी घेतली तेव्हा व्ह्यूफाइंडरच्या मधल्या चौकटीतल्या दोन प्रतिमा काही केल्या एकमेकींवर येईनात. रेंजफाइंडर, म्हणजे या दोन प्रतिमा जुळवून फोकस लावायची यंत्रणा, बिघडला असं वाटून मी कॅमेरा दुरुस्तीला नेला. बिघाड कुठेच नव्हता. जोडलेल्या लेन्सची मागची कड कॅमेऱ्यातल्या छोट्या रोलरला ढकलते आणि त्यामुळे चौकटीतली प्रतिमा हलते. अनकपल्ड लेन्स त्या रोलरला काहीच सांगत नाही, म्हणून फोकसची रिंग कितीही फिरवा, प्रतिमा तशीच राहते. कॅमेरा उघडायला देण्याआधी एखादी जोडलेली लेन्स लावून पाहा. तिच्यावर प्रतिमा जुळल्या तर कॅमेरा ठीक आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक खरेदीतच होते. झेनिट या सोव्हिएत एसएलआर कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सचे आटे ३९ मिमीचेच असतात, त्यामुळे ती लायका, फेड किंवा झोर्की या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांवर छान बसते. पण झेनिटमध्ये माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) फिल्मपर्यंतचं अंतर ४५.२ मिमी, तर लायका स्क्रू माउंटमध्ये २८.८ मिमी. लेन्स १६.४ मिमी जास्त आत जाते आणि कशावरही फोकस होत नाही. इंडस्टार-५० ही लेन्स दोन्ही प्रकारांत मिळते, म्हणून नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका. कुठल्या कॅमेऱ्याची आहे ते विचारा, मागच्या बाजूचा फोटो मागा.

आता अंतराचा अंदाज. अनकपल्ड लेन्सवर प्रतिमा जुळवता येत नाहीत, म्हणून अंतर अंदाजानेच रिंगवर लावायचं. १९९९ मध्ये बेसा-एल या कॅमेऱ्यासोबत आलेल्या १५ आणि २५ मिमी फोइग्टलँडर लेन्स अशा वापरासाठीच होत्या. त्या कॅमेऱ्यात रेंजफाइंडरच नव्हता. २५ मिमीवर एफ/८ छिद्र आणि २.६ मीटर अंतर लावलं की साधारण १.३ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पण संध्याकाळी घरात एफ/४ वर, १ मीटरवर, जेमतेम ४० सेंटिमीटरचा स्पष्ट पट्टा मिळतो. इथे अंदाज चुकला की चेहरा गेला. मला उपयोगी पडते ती आपली जुनी वाव: दोन्ही हात पसरले की जवळपास आपल्या उंचीइतकं अंतर. खोलीतल्या वस्तूंचं अंतर आधी वावेत सांगायचं, मग टेपने मोजायचं. आठवडाभर हे केलंत तर डोळा तयार होतो.

कुठल्या छिद्राला कुठून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते दाखवणाऱ्या लेन्सवरच्या खुणांवरही डोळे झाकून विसंबू नका. मोठा प्रिंट काढायचा असेल तर एफ/८ ठेवून ५.६ च्या खुणांमधलं अंतरच धरा. आणि अंतराचे आकडे फुटांचे की मीटरचे, ते रोल भरण्याआधी पाहा.

कॅमेऱ्यावर वेगळा बसवलेला व्ह्यूफाइंडर लेन्सपेक्षा उंच असतो. एक मीटरच्या आत त्यातली चौकट आणि फिल्मवरची चौकट वेगळी पडते, तेव्हा डोक्यावर थोडी जास्त जागा सोडा.

लायका एम५ किंवा सीएल असेल तर मागचं भिंग खूप आत जाणारी लेन्स लावूच नका. त्या दोन्ही कॅमेऱ्यांत लेन्समागे प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा दांडा वर येतो, आणि त्यावर भिंग आपटलं तर दोन्ही खराब होतील.