रूट कॅनलनंतर हिरडी भरून येण्यासाठी काय करावे

दाताच्या मुळाशी साचलेला पू हाड पोखरत हिरडीतून वाट काढतो, तेव्हा तिथे मोहरीएवढी पांढरी पुटकुळी दिसते. ती फोडू नये, कारण जंतू दाताच्या आतच राहतात. रूट कॅनल (दाताच्या आतली खराब नस काढून, पोकळी साफ करून भरण्याचा उपचार) पूर्ण झाल्यावर ही पुटकुळी बहुधा काही आठवड्यांत बुजते, हाड भरून यायला मात्र ६ महिने ते वर्षभर किंवा अधिक काळ लागतो. हिरडीचाही विकार असल्यास सहसा आधी रूट कॅनल करतात आणि हिरडीच्या शस्त्रक्रियेचा निर्णय २-३ महिन्यांनी घेतात.

खानापूर-निपाणीकडच्या खेड्यांतून बेळगावला खेपा घालणे जिकिरीचे असते, म्हणून दुखणे थांबताच पुढची खेप टाळली जाते. कृपया तसे करू नका. दोन खेपांच्या मधल्या काळासाठी दातात भरलेले तात्पुरते सिमेंट झिजले की जंतू पुन्हा आत शिरतात.

सकाळी बोटाने हिरडीवर मशेरी चोळण्याची सवय असेल, तर ती आधी सोडा, कारण तंबाखूमुळे जखम भरणे रेंगाळते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भराव्यात आणि मऊ ब्रश वापरावा. ताप आला, गिळता येईना किंवा सूज गळ्याकडे, डोळ्याकडे पसरली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.