वळीव येण्याआधी विमान हँगरमध्ये: तयारीची यादी

मे अर्धा सरला की बारामती, धुळे, शिरपूरसारख्या मैदानांवर दुपारी तीननंतर एक डोळा आभाळाकडे ठेवावा लागतो. वळवाचा पाऊस नंतर येतो, वारा आधी पोचतो. सेसना १७२ सारखं हलकं विमान ताशी नव्वद-शंभर किलोमीटरच्या वाऱ्यावर तरंगू शकतं, आणि हा वेग विमानाच्या धावण्यातून आला की वावटळीतून, हे पंखाला कळत नाही. त्यात गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात जी गारपीट झाली, तिने उभी पिकं आडवी केली. अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा तिच्यापुढे काय टिकणार? म्हणून विमान आत घ्यायचं. पण घाईत आत घेतलेली विमानं वादळापेक्षा दाराच्या चौकटीनेच जास्त जायबंदी होतात. चालण्याच्या वेगाने, चार भल्या माणसांच्या हातून. खालची सगळी तयारी त्यासाठी आहे. मी ती सेसना १७२ धरून लिहितो, कारण आपल्याकडच्या क्लबांत आणि प्रशिक्षण संस्थांत हे विमान बहुतेकांच्या ओळखीचं असतं. तुमचं दुसरं असेल तर आकडे त्याच्या हँडबुकातून घ्या.

सुरुवात विमानापासून करू नका, हँगरपासून करा. विमान बाहेर दोरांनी बांधलेलं आहे तोवर ते सुरक्षित आहे. दोर सोडून दारात उभं केलं आणि मग आतली शिडी, ड्रम, कुणाची तरी मोटारसायकल हलवत बसलात तर तेवढ्यात वारा यायचा. आधी जागा पूर्ण रिकामी करा. दाराच्या रुळातली माती, खडे काढा. सरकती दारं दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत जातात का ते स्वतः सरकवून बघा, कारण वर्षभर अर्ध्यावर उघडणारं दार त्या दिवशी पूर्ण उघडेलच असं नाही. उघडल्यावर ती खुंटीने अडकवा. मग टेप घ्या. १७२ चे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११ मीटर, लांबी सव्वाआठ मीटरच्या जरा वर आणि शेपटीची उंची २.७२ मीटर. दाराची मोजायची ती उघडी रुंदी, म्हणजे दारं गोळा होऊन जे अंतर उरतं ते. दोन्ही टोकांना एकेक मीटर मोकळं असावं, असं माझं मत. त्याहून कमी जागेत लोक विमान नेतात, पण मग प्रत्येक वेळी ती कसरत असते.

उंचीचं गणित मात्र टेपने संपत नाही. नाकाच्या चाकावर तेलाचा आणि हवेचा दाब असलेला स्ट्रट, म्हणजे धक्के झेलणारा खांब असतो. तो बसला असेल किंवा पुढच्या टायरात हवा कमी असेल, तर नाक खाली जातं आणि शेपूट तेवढी वर उठते. रुळाच्या उंचवट्यावरून चाक गेलं की स्ट्रट दबतो, सुटतो आणि शेपूट वरखाली होते. दाराची वरची पट्टी नेमकी तिथेच असते. त्यामुळे आदल्या दिवशी स्ट्रट आणि तिन्ही टायर बघून घ्या. रूळ फार वर आला असेल तर दोन्ही बाजूंनी लाकडी फळीचा उतार करा. फळी चाकाखालून सरकणार नाही, एवढी लांब हवी.

आत जमिनीवर रंगाने एक सरळ रेघ मारा. पुढचं चाक त्या रेघेवर राहिलं म्हणजे दोन्ही पंख दोन्ही भिंतींपासून सारखे. मागची चाकं जिथे थांबायला हवीत तिथे आडवी लाकडी पट्टी जमिनीला ठोकून टाका. एक डबा रंग आणि एक पट्टी, पण या दोन गोष्टींनी जितके पत्रे वाचतात तितके ओरडून वाचत नाहीत. हँगर सामाईक असेल तर कोणतं विमान आधी, कोणतं नंतर, हे कागदावर काढा. उंच पंखांच्या सेसनाच्या पंखाखाली खाली, पोटाशी पंख असलेल्या पायपर विमानाचा पंख सरकवता येतो. जागा वाचते, पण दोघांपैकी एकाचा टायर रात्रीत बसला तर सकाळी पंख पंखावर टेकलेला दिसतो. ज्याला पहिल्या उघडिपीला उडायचं आहे त्याचं विमान सर्वांत शेवटी आत घ्या. हे उघड आहे, तरी दर वर्षी यावरून भांडण होतं.

आता विमान. कॉकपिटमध्ये जाऊन मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनला ठिणगी देणाऱ्या यंत्राची किल्ली काढून खिशात घाला. मिक्श्चरचा (इंधन-हवेच्या मिश्रणाचा) दांडा पूर्ण मागे, मास्टर स्विच बंद. किल्ली काढली तरी प्रॉपेलर जिवंत समजूनच वागायचं: मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटलेली असेल तर पातं हाताने फिरवल्यावर इंजिन एक ठिणगी मारू शकतं, आणि ती एक पुरते. पात्याच्या फिरण्याच्या वर्तुळात कुणी उभं राहायचं नाही, त्याला हँडल समजून ओढायचं नाही. काही जण पात्याच्या मुळाशी धरून ओढतात, जुनी सवय आहे. टो-बार, म्हणजे पुढच्या चाकाला अडकवायचा ओढदांडा असताना तिची गरज नाही.

कॉकपिटमधल्या हँडलच्या कुलपाबद्दल एक बारीक गोष्ट आहे आणि ती चुकते. कॉकपिटमधली लाल पट्टीची कंट्रोल लॉकची पिन लावा. तिने एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलते पत्रे) आणि एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा हलता भाग) जखडतात, वाऱ्यात आपटत नाहीत. पण मागे रडरला, म्हणजे उभ्या शेपटीच्या हलत्या भागाला बाहेरून लॉक लावलेलं असेल, तर ते विमान हलवण्याआधी काढलंच पाहिजे. या विमानात पुढचं चाक रडरच्या पेडलशी जोडलेलं असतं. रडर जखडून चाक वळवलं की जोर मधल्या जोडणीवर जातो. आत लावून झाल्यावर हवं तर ते पुन्हा चढवा.

इंधनाचा निवाडा तुमच्या इंजिनिअरबरोबर आधीच करून ठेवा. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत रात्री थंड झाली की आतल्या हवेतलं पाणी भिंतींवर सुटतं आणि तळाशी जमतं, म्हणून पावसाळ्यात टाक्या भरलेल्या बऱ्या. उलट काठोकाठ भरली तर उन्हात इंधन फुगतं. अॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, दर अंश सेल्सिअसला हजारी साधारण एक भाग वाढतं, म्हणजे दोनशे लिटरला वीस अंशांची वाढ झाली तर चार लिटर जादा. ते डाव्या पंखाखालच्या व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीतून हँगरच्या फरशीवर ठिबकतं. बंद जागेत ते नको. मी थोडी जागा सोडून भरायच्या बाजूचा आहे. जमीन एका बाजूला उतरती असेल तर फ्युएल सिलेक्टर (कुठल्या टाकीतलं इंधन घ्यायचं ती खटकी) दोन्हींवर न ठेवता एका टाकीवर ठेवा, म्हणजे वरच्या टाकीतलं खालच्या टाकीत वाहत नाही. आणि विझवण्याची नळकांडी दाराजवळ, तारखा बघून.

माणसं मोजून घ्या. रिकामं विमान साडेसातशे किलोच्या आसपास, टाक्या भरल्यावर नऊशेच्या. सपाटीवर दोघे ढकलतील, पण ढकलायला किती लागतात हा प्रश्नच नाही, बघायला किती लागतात हा आहे. एक टो-बारवर, दोघे ढकलायला, दोन्ही पंखांच्या टोकांना एकेक, शेपटीपाशी एक. शेपटीवाल्याच्या किंवा पंखवाल्याच्या हातात चॉक, म्हणजे चाकाला लावायचा ठोकळा. उतारावर विमान हातातून सुटू लागलं तर ते चाकामागे टाकणं त्याचं काम. तेवढी माणसं नसतील तर थांबा, शेजारच्या हँगरमधून मागवा. इंजिनिअर, कॅप्टन, हेल्परमामा, कुणी का असेना, हुकूम एकाचाच: टो-बारवाल्याचा. मात्र ‘थांबा’ म्हणायचा अधिकार सगळ्यांना, नवशिक्या विद्यार्थ्यालासुद्धा, आणि तो शब्द ऐकला की कारण न विचारता थांबायचं. ‘अरे, अरे, अरे’ हा इशारा नाही. त्याने सगळे एकमेकांकडे बघतात आणि विमान चालत राहतं. मोबाइल खिशात.

हात कुठे लावायचा हे सुरुवातीलाच दाखवून द्या, विशेषतः मदतीला आलेल्या नव्या माणसांना, कारण ती बंद पडलेली जीप ढकलायच्या हिशेबाने जिथे जागा दिसेल तिथे खांदा लावतात. पंखाचे तिरके आधारदांडे, दोन्ही टोकांच्या जोडाजवळ. मुख्य चाकांचे पाय. बस. एलरॉन, फ्लॅप, एलिव्हेटर, रडर या हलत्या भागांना बोटही नाही. प्रॉपेलरच्या मधल्या स्पिनरच्या टोपीला नाही. पंखाच्या टोकाला ढकलायचं नाही, तिथला माणूस फक्त बघतो. नाक उचलून विमान जागीच वळवायचं असेल तर शेपटीच्या नळीवर, उभ्या पंखाच्या किंचित पुढे, जिथे आत आडवी चौकट आहे तिथे हात ठेवून दाबा. आडव्या शेपटीवर दाब देणं सोपं जातं म्हणून सगळे तेच करतात, आणि तिच्या आतल्या दांड्याला भेगा जातात. त्या बाहेरून दिसत नाहीत. मे महिन्यातल्या दुपारी पत्रा हाताला चटके देतो, तेव्हा सुती हातमोजे ठेवा. तळवा भाजला की माणूस नको त्या क्षणी हात सोडतो.

टो-बार लावला की त्याची मर्यादा सगळ्यांना सांगा: मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ३० अंश. त्यापलीकडे चाक वळवलं तर नाकाच्या पायाचे थांबे मोडतात. मोठं वळण घ्यायची जागा नसेल तर पुढेमागे करत वळा. ट्रॅक्टरने ओढत असाल तर हे दुप्पट जपा, कारण ट्रॅक्टरवाल्याला मागचं काही जाणवत नाही, आणि ब्रेकवर पाय ठेवून एक जण कॉकपिटमध्ये बसवा.

आता दोर सोडा. दोन्ही पंखांचे आणि शेपटीचा. विसरला जातो तो शेपटीचा. पार्किंग ब्रेक सोडा, चॉक काढा, विमानाभोवती एक फेरी मारा आणि मगच जोर लावा. शेपूट आधी आत, नाक दाराकडे, म्हणजे आग लागली किंवा पूर आला तर ओढून बाहेर काढता येतं. रुळापाशी पूर्ण थांबायचं, तिघांनी आपापली बाजू मोकळी असल्याचं मोठ्याने सांगायचं, मग हळू. वारा दारातून सरळ आत शिरत असेल तर दार जितका वेळ उघडं राहील तितका जोर छपरावर येतो. अशा वेळी झोत ओसरेपर्यंत बाहेर बांधून ठेवणं परवडतं. हँगरच्या नादात वादळात दोर सोडणं हा सगळ्यात वाईट निर्णय.

आत आल्यावर टो-बार लगेच काढा आणि भिंतीवरच्या खुंटीला लावा. पुढच्या वेळी घाईत तो तसाच राहून इंजिन सुरू झालं तर पातं आणि दांडा दोन्ही जातात, पुढच्या माणसाचं तर विचारूच नका. चॉक मुख्य चाकांना पुढून आणि मागून. पार्किंग ब्रेक लावू नका; रात्री विमान पटकन काढायची वेळ आली आणि केबिनची किल्ली मालकाकडे पुण्यात असली तर ब्रेक कोण सोडणार? भिजलेलं विमान असेल तर आधी पुसा, वाळू द्या, मगच कापडी कव्हर घाला. प्लास्टिकचा कागद नको, त्याखाली घाम सुटतो. पुढची काच अॅक्रिलिकची असते, ती पाण्याने आणि मऊ सुती फडक्याने. पेट्रोल, थिनर किंवा घरातला काच पुसायचा फवारा लागला की ती बारीक भेगाळते.

भोकं बुजवण्यावर मात्र जास्त वेळ द्या. वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबवर कव्हर, इंजिनच्या दोन्ही हवेच्या तोंडांना लाल प्लग, बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या स्टॅटिकच्या भोकाला लांब लाल फीत असलेलं झाकण. चिमण्या आणि साळुंक्या इंजिनवर घरटं बांधायला दोन दिवस घेतात. कुंभारीण माशी त्याहून लवकर, आणि तिला पिटो ट्यूबची नळी मापात बसते. १९९६ च्या फेब्रुवारीत डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. वेग दाखवणाऱ्या तीन पिटो ट्यूबपैकी एक बुजलेली होती आणि संशय अशाच मातीचं घर बांधणाऱ्या माशीवर होता. विमान कव्हरांशिवाय बरेच दिवस उभं राहिलं होतं. उंदरांसाठी चाकांपासून दूर पिंजरे लावा, आणि केबिनमध्ये बिस्किटाचा एक तुकडाही ठेवू नका. वायरी कुरतडलेल्या दिसायला महिने लागतात.

बॅटरी काढून चार्जरवर ठेवायची की जागीच, हे इंजिनिअर ठरवेल. विम्याच्या कागदात विमान हाताने हलवताना झालेलं नुकसान येतं का, तेवढं वाचून घ्या.

पावसाळा आपल्याकडे विमानांना नेहमीच जड गेला आहे. १९३२ साली सुरू झालेली टाटांची टपालसेवा पावसाळ्यात जुहूच्या चिखलामुळे पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलायची. आपल्याला आता हलायचं नसतं, पण चार महिने इंजिन गप्प ठेवणंही बरं नाही. विमानांची इंजिनं बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीचा सल्ला असा की तीस दिवसांत एकदा तरी सलग तासभर उडावं, तेलाचं तापमान साधारण ७४ ते ९३ अंशांत राहील असं. नुसतं हँगरसमोर दहा मिनिटं इंजिन चालवून हे साधत नाही, उलट ज्वलनातलं पाणी तेलात उरतं. आणि ‘गंजू नये’ म्हणून प्रॉपेलर हाताने फिरवून ठेवण्याने सिलिंडरवरचा तेलाचा उरलासुरला थर पुसला जातो. महिनाभर उघडीप मिळणार नाही असं दिसत असेल तर विमान आत घ्यायच्या आधीच इंजिनिअरला सांगा: जतनाचं तेल, सिलिंडरमध्ये ओलावा शोषणारे प्लग, एक्झॉस्टला झाकण, आणि प्रॉपेलरला ‘फिरवू नका’ असा मोठा फलक. बाहेर काढायच्या दिवशी इंधनाच्या सगळ्या निचऱ्याच्या जागा एकेक करून तपासा. पहिल्या बाटलीत पाणी दिसलं तर स्वच्छ निळं इंधन येईपर्यंत काढत राहा.