रीफ टँकसाठी फिल्टर निवडताना: आधी खाद्याचा हिशोब, मग यंत्रं

रीफ टँकचा, म्हणजे कोरल ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा, फिल्टर बहुतेक जण लिटरवरून निवडतात. टाकी दोनशे लिटरची, मग खोक्यावर ‘२०० लिटरपर्यंत’ छापलेला फिल्टर घ्यायचा. पण फिल्टरवरचा भार पाण्यावर ठरत नाही, रोज टाकीत किती खाद्य पडतं यावर ठरतो. एका टाकीत क्लाऊनफिशची जोडी दिवसातून एकदा चिमूटभर खाते, तेवढ्याच दुसऱ्या टाकीत आठ मासे तीन वेळा फ्रोजन खाद्य खातात. या दोघींना एकच फिल्टर पुरणार नाही. म्हणून खरेदीआधी कागदावर लिहून काढा: मासे कोणते, किती, रोजचं खाद्य किती आणि कोरल कोणते ठेवायचे.

कोरलवरून पाण्याचं लक्ष्य ठरतं. मऊ कोरल २० पीपीएम (दशलक्षात २० भाग) नायट्रेटमध्येही तग धरतात, उलट अगदी स्वच्छ पाण्यात कोमेजतात. एसपीएस (बारीक तोंडांचे, कठीण सांगाड्याचे) कोरलसाठी नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या पट्ट्यात स्थिर ठेवायचं. दोन्ही शून्यावर नेणं हे लक्ष्य नाही. तिथे कोरल फिके पडतात आणि वाळूवर तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेट (सूक्ष्म एकपेशीय जीव) पसरण्याची शक्यता वाढते.

मुख्य फिल्टर म्हणजे दगड

मासे आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. सच्छिद्र दगडाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा काही भाग नायट्रोजन वायूत बदलतात. चांगला सच्छिद्र दगड दर लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास पुरतो. जड, गुळगुळीत दगड कितीही भरला तरी तेवढं काम करत नाही. मागच्या काचेला टेकवून भिंत रचू नका. मागे प्रवाह पोचत नाही, गाळ साठतो आणि तिथूनच नायट्रेट वाढत राहतं. काचेपासून चार बोटं जागा सोडा आणि आरपार कमानी ठेवा.

कोरडा दगड असेल तर मासे टाकण्याआधी अमोनिया २ पीपीएमपर्यंत घालून सायकल करा, म्हणजे दगडावर जिवाणू वाढू द्या. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्य होतो आणि नायट्राइटही शून्य दिसतं, तेव्हा दगड तयार झाला. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. घाईत जिवाणूंची बाटली ओतून दुसऱ्या दिवशी पाच मासे सोडणं हे मासे मरण्याचं एक मोठं कारण आहे.

छोटी टाकी

८० लिटरच्या आतल्या टाकीला मागे टांगायचा फिल्टर, त्यात आठवड्यातून दोनदा बदलायचा फ्लॉस (गाळ अडवणारा कापसासारखा थर) आणि थोडा सक्रिय कार्बन एवढं पुरतं. सोबत दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदला. या आकाराला मिळणारे बहुतेक स्किमर (बुडबुड्यांनी कचरा काढणारी यंत्रं) आवाज जास्त आणि काम कमी करतात. तो पैसा चांगल्या मिठावर आणि आरओडीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यावर खर्च करा. कॅनिस्टर (बंद डब्याचा) फिल्टर चालतो, पण तो दर पंधरा दिवसांनी उघडून धुणार असाल तरच. आत अडकलेला गाळ पाण्यातच कुजत असतो. वीज काही तास गेली तर बंद डब्यातला ऑक्सिजन संपतो, म्हणून वीज आल्यावर तो आधी रिकामा करून धुवा, मगच सुरू करा.

सम्प

सम्प म्हणजे मुख्य टाकीखालची, आत कप्पे पाडलेली दुसरी टाकी: वरचं पाणी ओव्हरफ्लोतून तिच्यात उतरतं आणि रिटर्न पंप ते परत वर चढवतो. १२० लिटरच्या पुढे सम्प करावाच. त्याचं माप अंदाजाने घेऊ नका, हिशोब करा. ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टाकी म्हणजे १८२ लिटर. खाली ६० × ३० × ३५ सेंटिमीटरचा सम्प ठेवला आणि पाणी २० सेंटिमीटरवर चालवलं, तर त्यात ३६ लिटर पाणी असतं आणि २७ लिटर जागा रिकामी राहते. वीज गेली की रिटर्नच्या नळीचं तोंड हवा ओढेपर्यंत वरचं पाणी सायफनने खाली येतं. तोंड ३ सेंटिमीटर खोल असेल तर १२ लिटर, शिवाय पाइप आणि ओव्हरफ्लोच्या पेटीतलं तीन-चार लिटर. म्हणजे हा सम्प पुरतो. तेच तोंड १० सेंटिमीटर खोल बुडवलं तर ४० लिटर खाली येईल आणि जमिनीवर वाहील. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर विसंबू नका. त्यात चुन्याचा थर आणि शेवाळ बसतं आणि तो नेमक्या वेळी पूर्ण बंद होत नाही.

रिटर्न पंपाने टाकीचं पाणी तासाला तीन ते पाच वेळा फिरवलं तरी पुरतं. इथे तासाला ७०० लिटर प्रत्यक्ष प्रवाह हवा. पण सव्वा मीटर उंचीवर पाणी चढवताना पंपाचा प्रवाह बराच घटतो, त्यामुळे खोक्यावर १५०० ते २००० लिटर लिहिलेला पंप घ्या आणि उंचीनुसार प्रवाहाचा तक्ता बघूनच घ्या. कोरलला लागणारा जोरदार प्रवाह वेव्हमेकरने (टाकीतच लावायच्या प्रवाहाच्या पंपाने) द्यायचा, सम्पमधून नाही.

बाष्पीभवनाने घटलेलं पाणी फक्त पंपाच्या कप्प्यात दिसतं. तो कप्पा १५ × ३० सेंटिमीटरचा असेल आणि दिवसाला अडीच लिटर पाणी उडालं, तर पातळी साडेपाच सेंटिमीटर उतरते. म्हणून घटलेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-ऑफ लावा. त्यात खारं नाही, गोडं आरओडीआय पाणीच भरायचं. त्याची टाकी १० लिटरपेक्षा मोठी ठेवू नका. पाणी थांबवणारा फ्लोट अडकून ते सगळं पाणी आत गेलं तरी पाण्याचा खारेपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) वरून ३३ पर्यंतच उतरेल.

स्किमर

कचरा कुजण्याआधीच बाहेर काढणारं हे मुख्य यंत्र आहे, म्हणून सम्पनंतरचा खर्च इथे करा. पाण्यातले सेंद्रिय रेणू बारीक बुडबुड्यांना चिकटतात आणि फेस होऊन कपात जमतात. कंपनीचे आकडे कमी माशांच्या टाकीसाठी धरलेले असतात. मासे भरपूर असतील तर टाकीच्या दीडपट क्षमतेचा घ्या, दोनच मासे असतील तर टाकीएवढाच. गरजेपेक्षा मोठ्या स्किमरला पुरेसं सेंद्रिय द्रव्य मिळत नाही आणि फेस टिकत नाही.

तो स्थिर पातळीच्या कप्प्यात बसवा. पातळी दोन सेंटिमीटर हलली तरी कप कोरडा राहतो किंवा ओसंडून वाहतो. किती सेंटिमीटर पाणी हवं ते त्याच्या पुस्तिकेत असतं. कप्पा खोल असेल तर खाली अ‍ॅक्रिलिकचा पाट ठेवा. पहिला आठवडाभर नवा स्किमर पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो. तेवढ्यात तो सदोष ठरवून बदलू नका. पुढे मानेवरचा चिकट थर आठवड्यातून दोनदा पुसा, कारण थर बसला की फेस वर चढत नाही. हवेच्या नळीत मीठ साचून कामगिरी हळूहळू पडते, तेव्हा महिन्यातून एकदा तिच्यातून कोमट गोडं पाणी ओढू द्या.

फिल्टर सॉक (सम्पमध्ये येणाऱ्या पाण्यातला गाळ अडवणारी कापडी पिशवी) २०० मायक्रॉनचा घ्या आणि तीन-चार दिवसांनी बदला. बदलणं जमणार नसेल तर लावूच नका. भरलेला सॉक म्हणजे प्रवाहात टांगलेला कुजका कचरा. सम्पमध्ये जागा उरली तर कीटोमॉर्फा शेवाळाचं रिफ्यूजियम (शेवाळ वाढवायचा कप्पा) चांगलं. त्याचा दिवा रात्री लावा, म्हणजे पीएचची रात्रीची घसरण कमी होते. गोळा घट्ट झाला की निम्मा काढून टाका.

रासायनिक माध्यमं शेवटी

कार्बन दर १०० लिटरला ५० ग्रॅम, धूळ धुऊन, महिन्याने बदला. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे) मात्र फॉस्फेट मोजून ०.१ च्या वर दिसल्याशिवाय लावू नका आणि लावाल तेव्हा सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा. फॉस्फेट एकदम उतरलं तर एसपीएस कोरल खालून पांढरे पडतात. पहिल्या उतारानंतर आकडा पुन्हा चढला तर माध्यम खराब निघालं असं समजू नका. दगडात मुरलेलं फॉस्फेट पाण्यात परत येतं. दोन-तीनदा माध्यम बदलल्यावर ते थांबतं.

सगळी जोडणी झाली की मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर चाचणी करा. पंप तीनदा बंद करा, सम्पमध्ये पाणी सर्वांत वर जिथे येतं तिथे पट्टी चिकटवा. मग ओव्हरफ्लोचा पाइप मुद्दाम बंद करून पंप चालू ठेवा. कप्प्यातलं ९ लिटर पाणी वर गेलं की टाकीची पातळी सव्वादोन सेंटिमीटर चढेल. काठापर्यंत किमान तीन सेंटिमीटर जागा नसेल तर ओव्हरफ्लोची उंची आत्ताच खाली करून घ्या. कोरल लावल्यावर ते करणं फार अवघड जातं.