आधी नोड सांगा, मग सेक्टर

२००२ चा श्रावण. कराडहून नवी मुंबईत येऊन मला जेमतेम महिना झाला होता. ऑफिसातल्या एका बाईंनी सत्यनारायणाच्या पूजेला बोलावलं. पत्ता सोपा होता: सेक्टर ८, प्लॉट नंबर अमुक. नेरूळला उतरले, रिक्षावाल्याला सेक्टर ८ म्हटलं, त्यानं बरोबर नेऊन सोडलं. जिना चढून बेल वाजवली, तर दार उघडलं अनोळखी आजींनी. त्यांनी माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा बघितला, काठापदराची साडी बघितली आणि म्हणाल्या, "तुला सानपाड्याला जायचं असेल. तिकडंही सेक्टर आठ आहे." आत बोलावून पाणी दिलं, पंखा लावला. पूजा राहिली ती राहिलीच. चार पेढे आजींना देऊन मी परत आले.

तेव्हापासून इथं नव्यानं येणाऱ्याला मी आधी हेच सांगते: पत्ता देताना-घेताना पहिल्यांदा नोड, म्हणजे शहराचा आखून दिलेला भाग, मग सेक्टर. १९७० साली हे शहर वसवणारी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर चौदा नोड आखले गेले. वरून ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, खारघर असं खाली पनवेल, उलवे, द्रोणागिरीपर्यंत. बहुतेक नोडांत सेक्टरची मोजणी पुन्हा एकपासून. त्यात इमारतींची नावं म्हणजे आणखी मजा. खारघरला सिडकोच्या एका वसाहतीचं नावच 'स्पॅगेटी' आहे. मी तिच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहायचे. आईनं फोनवर पत्ता लिहून घेताना तीनदा विचारलं आणि शेवटी वहीत 'शेवगेटी' लिहिलं. पत्र पोचलं, हे विशेष.

या पत्त्याच्या भानगडीतच इथल्या राहण्याची खरी मेख आहे. माणूस म्हणायला नवी मुंबईत राहतो, पण दिवसभराचं त्याचं गाव म्हणजे त्याचा नोड. २०११ च्या जनगणनेत नुसत्या नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत ११ लाख २० हजार लोक मोजले गेले. एवढ्या शहराला कुणी लहान म्हणेल का? पण इथले निम्मे लोक म्हणतात. उरलेले निम्मे म्हणतात, छे, अंगावर येतं हे शहर. दोघंही खोटं बोलत नाहीत. येण्याआधी तुम्ही चारजणांना विचारणार, म्हणून मला भेटलेले चारजण आधी सांगते.

आमच्या मजल्यावर गिरगावातून आलेले एक काका आहेत. चाळीची पुनर्बांधणी निघाली, मुलानं इथं फ्लॅट घेतला, काका-काकू आले. काकांचं म्हणणं असं, की या शहरात रस्ते आहेत पण रस्त्यावर माणूस नाही. गिरगावात खाली उतरलं की पानवाला, वाणी, दूधवाला, शिंपी, तीन ओळखीचे आणि एक भांडण, सगळं पाच मिनिटांत व्हायचं. इथं पामबीच रोडवर गाड्या सुसाट जातात आणि फुटपाथवर काका एकटे. पहिलं वर्षभर ते दाढी करायलासुद्धा गिरगावात जायचे. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. बुधवारी सकाळची लोकल, ठरलेला न्हावी, येताना काकडवाडीच्या आसपास कुठून तरी आणलेली भाजणी. काकू मात्र पहिल्या दिवसापासून खूश. त्यांना संडास घरात मिळाला आणि नळाला पाणी मिळालं. "त्यांना माणसं हवीत, मला मोरी हवी होती," एवढंच त्या म्हणाल्या. एकाच घरात दोन मतं, आणि मला काकूंचं जास्त पटतं.

दुसरी माझी मामी, कोपरखैरण्याची. मामा एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होता. १९६९ चा माथाडी कायदा झाला, पुढं माथाडींसाठी इथं घरं झाली आणि पाटण, जावळी, कोरेगावची माणसं ओळीनं येऊन राहिली. मी कराडहून आले ती मामीकडंच उतरले होते. शहरात आलोय हे कळायला मला दोन आठवडे लागले. गावात कुणाची म्हैस व्याली हे मामीला गावातल्या लोकांच्या आधी कळायचं. जत्रेच्या आधी गल्लीच्या तोंडाशी गावाकडच्या गाड्या लागायच्या. मामीला विचारलं लहान शहर की मोठं, तर ती म्हणेल, "कसलं शहर? वाडीच हाय की."

तिसरा आमच्या ऑफिसातला मुलगा, चंद्रपूरचा. ऐरोलीत तिघं मिळून राहतात, काम तिथल्याच आयटी पार्कात. दोन वर्षांत वाशीला तो एकदाच आला, तेही आधारकार्डाच्या कामाला. त्याला काही कमी वाटत नाही. कंटाळा आला की ठाण्याची ट्रेन पकडायची. त्याच्या दृष्टीनं ऐरोली हा ठाण्याचाच एक तुकडा आहे, आणि नकाशा बघितला तर तो फारसा चुकत नाही.

चौथे आमचे जुने घरमालक, करावे गावचे आगरी. त्यांना लहान-मोठं हा प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "तुम्ही शहरात आलात. आमच्याकडं शहर आलं, आम्ही कुठं गेलोच नाही." १९८४ च्या जानेवारीत शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव त्यांच्या घरात देवाच्या बरोबरीनं घेतलं जातं. त्यातून साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. नवीन माणसानं एवढं तरी ठाऊक ठेवावं. मग विमानतळाला कुणाचं नाव द्यायचं यावर इथली माणसं एवढी पेटून का उठली, हे विचारावं लागत नाही. आणि नोडाच्या मधोमध अचानक अरुंद गल्ल्या, गावदेवीचं देऊळ आणि ओट्यावर सुकत घातलेली मासळी दिसली, तर ती झोपडपट्टी नव्हे, मूळ गाव आहे. तोंडातून भलता शब्द जाऊ देऊ नका.

तर आता निवड. नोकरी ठाणे, मुलुंड, भांडुपकडं असेल तर ऐरोली किंवा घणसोली बघा. ऐरोलीच्या पुलानं मुलुंड गाठता येतं आणि २००४ पासून ठाणे-वाशी लोकल आहे. रोज फोर्टात जायचं असेल तर वाशी किंवा सानपाडा. त्यापुढं जाताना विचार करा. इथून मुंबईला जाणाऱ्या हार्बर लाईनला फास्ट गाडी नाही. वाशीहून सीएसएमटी पाऊण तासाच्या वर, पनवेलहून सव्वा तास धरून चला, आणि सकाळी पनवेलहून येणारी गाडी नेरूळपर्यंत भरलेली असते. वाशीकर वाशी लोकल धरतात, बेलापूरकर बेलापूर लोकल; जिथून गाडी सुटते तिथं बसायला मिळतं, ही साधी गोष्ट घर बघताना कुणी सांगत नाही. रविवारी नातेवाईकांकडं जायचं ठरवाल तेव्हा आधी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद, आहे का बघा. आम्ही पाहुण्यांना 'रविवारी या' असं म्हणणंच सोडून दिलंय.

मोकळी हवा, टेकडी, मोठं घर हवं असेल तर खारघर. तिथं तीन वर्षं काढली, म्हणून हे सांगताना जरा हात आखडतो. पावसाळ्यात सकाळी खिडकी उघडली की डोंगरावरून पांढऱ्या रेघा उतरलेल्या दिसतात, आणि एप्रिलमध्ये त्याच खिडकीतून आम्ही टँकर आला का ते बघायचो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर सकाळी साडेसहाला 'टाकीत दोन फूट' असा निरोप यायचा, की आंघोळ उरकून बादल्या भरायच्या. कारण सरळ आहे. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग नवी मुंबई महापालिकेत, आणि या महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेत. त्यांचं बरंचसं पाणी वेगळ्या ठिकाणाहून येतं. उलवे-द्रोणागिरी या दोन्ही महापालिकांत नाहीत. फ्लॅट बघायला गेलात की आधी बाथरूमच्या फरशा बघू नका, वॉचमनला विचारा: मे महिन्यात टँकर किती येतात? एजंट सांगणार नाही. मला एकानं "चोवीस तास पाणी" सांगितलं होतं. चोवीस तास होतं ते टाकीत, टाकी भरली असली तर.

नेरूळ मी शेवटी धरलं आणि तिथंच राहिले. हे शिफारस म्हणून घेऊ नका, स्टेशनपासून चालत घर आहे एवढंच त्याचं कारण. रात्री साडेदहाला उतरून चालत येताना मला भीती वाटली नाही. ऐकू येतो तो फक्त सोसायटीच्या गेटजवळचा कुत्रा. हीच शांतता माझ्या मुलीला खायला उठते. तिचा जन्म इथला. गाव कुठलं विचारलं तर "नेरूळ" म्हणते, कराडला जायचं तर कपाळाला आठ्या, आणि तरीही रोज एकदा म्हणायचं, "इथं काहीच होत नाही." २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाची फायनल होती. पावसानं खेळ उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमाराला आमच्या गॅलरीत स्टेडियमचा आवाज आला, टीव्हीवर दिसायच्या काही सेकंद आधी. विकेट पडली हे आम्हाला आधी कानानं कळायचं, मग डोळ्यांनी. दुसऱ्या दिवशी मुलगी कॉलेजला गेली आणि आठवड्याभरात पुन्हा तेच: इथं काहीच होत नाही. नाटकाच्या बाबतीत तिचं म्हणणं मलाही मान्य आहे. वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, तिथं चांगले प्रयोग लागतात, पण सवय ठाणे-दादरची असेल तर हात बांधल्यासारखं वाटणारच.

घराच्या कागदांचं थोडक्यात. भाडेकरार अकरा महिन्यांचा आणि नोंदणी केलेलाच करा, पोलीस पडताळणी मालकाच्या भरवशावर सोडू नका. गावठाणात भाडं कमी पडतं, माणसंही मायेची असतात. भाड्यानं खुशाल राहा. विकत घेताना मात्र दोनदा विचार करा. 'गरजेपोटी बांधलेलं घर' हा शब्द कानावर पडला की वकिलाकडं जा, कारण अशा बांधकामांना रीतसर परवानगी असेलच असं नाही. नोडातल्या इमारतींनाही भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते बघायचंच. बहुतेक जमीन सिडकोनं भाडेपट्ट्यानं दिलेली आहे, त्यामुळं जुना फ्लॅट घेताना हस्तांतरण शुल्क कुणी भरायचं हे बयाणा देण्याआधी ठरवून घ्या. आमच्याकडं हे नंतर निघालं आणि माझ्या सासऱ्यांची आणि विकणाऱ्याची बोलचाल कायमची बंद झाली.

तुर्भे-पावणे एमआयडीसीच्या बाजूला, म्हणजे कोपरखैरणे-वाशीच्या त्या अंगाला घर बघत असाल तर रात्री नऊनंतर एक चक्कर मारा. काही रात्री हवेत उग्र वास असतो. दिवसा घर दाखवणाऱ्याला तो कधीच येत नाही.

बाकी सोयी तुमच्या तुम्हाला सापडतील. वाशी किंवा ऐरोलीवरून मुंबईत जायला टोलची कटकट चारचाकीला ऑक्टोबर २०२४ पासून उरलेली नाही. बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, खारघरवाल्यांना तिचा उपयोग होतो. हिवाळा सरत आला की सीवूड्सच्या मागं खाडीकाठी फ्लेमिंगो उतरतात. बघायला सकाळी जा, आणि भरती-ओहोटीची वेळ बघून जा, नाहीतर नुसता चिखल बघून परत याल. मासे खाणाऱ्यांनी बेलापूरच्या पुढं दिवाळे गाव गाठायचं. पहाटे. होड्या लागलेल्या असतात, कोळणींचे आवाज चढलेले असतात. मी घाटावरची, मला माशातलं काय कळणार. पहिल्या खेपेला चिंबोऱ्या मेलेल्या आणल्या आणि मामीनं त्या पिशवीसकट परत करायला लावल्या. कोळीणबाईनं हसत हसत बदलून दिल्या आणि जिवंत चिंबोरी कशी धरायची ते दाखवलं: मागून, दोन बोटांत, नांग्यांच्या आवाक्याबाहेर.

आणि गिरगावच्या काकांचं म्हणाल तर ते अजूनही बुधवारी जातात. गेल्या महिन्यात मात्र जिन्यात भेटले, दाढी ताजी होती आणि वार शनिवार. मी काही विचारलं नाही.