चेक ‘झ्वानित’ इंग्रजीत कसं आणावं

चेक भाषेत वायफळ बोलण्यासाठी क्रियापदांची रेलचेल आहे. त्यातल्या ‘झ्वानित’साठी इंग्रजीत नुसतं ‘टॉक’ लिहिलं की वाक्यातला जीवच जातो. बोलणाऱ्याबद्दलचा वैताग या शब्दातच मुरलेला आहे, आणि आधी पोचवायचा तो वैताग.

१. आधी शेजारचे शब्द वेगळे करा. ‘क्लाबोसित’ म्हणजे शिळोप्याच्या गप्पा. त्यात कुणाला नावं ठेवलेली नाहीत, ब्रिटिश इंग्रजीतलं ‘नॅटर’ तिथे चपखल बसतं. ‘केचात’ (यातला च ‘चमचा’तला, मराठी जिभेला अगदी सोपा) हा घरगुती बोलीतला शब्द, त्यात बडबड येते, थापाही येतात. म्हणून ‘नेकेचेय!’ म्हणजे बऱ्याचदा ‘काय सांगतोस!’ तिथे ‘यू आर किडिंग!’ लिहा. ‘झ्वानित’ म्हटलं की मात्र बोलणाऱ्याला नावं ठेवणं आलंच. त्याला ‘ब्लॅदर’ सर्वांत जवळचं वाटतं, धार वाढवायची तर ‘ड्रिव्हल’. ‘प्रॅटल’ला लहान मुलांच्या बोबड्या बोलण्याची छटा आहे. ‘वॉफल’ जपून वापरा: ब्रिटनमध्ये ते पाल्हाळ, अमेरिकेत धरसोड.

२. उपसर्ग पाहा. ‘विझ्वानित’ म्हणजे गुपित बोलून बसणं, तिथे ‘ब्लॅब’. ‘प्रोझ्वानित’मध्ये वेळ बडबडीत वाया गेलेला असतो. ‘प्रोझ्वानिली चेले ओदपोलेद्ने’चं ‘दे ब्लॅदर्ड द होल आफ्टरनून अवे’ होईल. इंग्रजीत हे काम ‘अवे’ करतं, ते गाळू नका.

३. नाम की क्रियापद, ते ठरवा. इथे हमखास पाय घसरतो. ‘झ्वानिल’ म्हणजे ‘तो बरळला’ आणि ‘झ्वानिल’ म्हणजेच ‘बडबड्या’. ‘तेन झ्वानिल चेली वेचेर’ या वाक्यात ‘तो संध्याकाळभर बरळत होता’. पण ‘तेन झ्वानिल प्रिशेल पोझ्द्ये’ म्हटलं की ‘तो बडबड्या उशिरा आला’, कारण ‘प्रिशेल’ म्हणजे ‘आला’ हे क्रियापद पुढे आहे. अशा ठिकाणी ‘विंडबॅग’ घ्या. वाक्यात दुसरं क्रियापद शोधायचं, मगच शब्द निवडायचा.

४. निवड पडताळा. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या चेक राष्ट्रीय कॉर्पसचं (म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या भाषेच्या मोठ्या संग्रहाचं) ‘ट्रेक’ हे साधन मोफत आहे. प्रत्यक्ष अनुवादांत एका शब्दासाठी कोणते प्रतिशब्द किती वेळा आले, ते त्यात दिसतं. सर्वांत वरचा शब्द डोळे मिटून उचलू नका, खालचे आठ-दहा वाचा.

५. वाक्य मोठ्याने म्हणा. भावाभावांतलं ‘नेझ्वान्य!’ (‘बरळू नकोस!’) झटक्यात तोंडातून सुटतं, म्हणून इंग्रजीही तितकंच तोकडं हवं: ‘रबिश!’

वाक्प्रचार आला तर शब्दशः जाऊ नका. ‘म्लातित प्राझ्दनोउ स्लामु’ म्हणजे दाणे नसलेला पेंढा झोडपत बसणं. इंग्रजी वाचकाला पेंढ्यातून काही कळणार नाही, त्याच्याकडे ‘हॉट एअर’ आहे. आपण तोंडाची वाफ दवडतो, त्यामुळे ही गरम हवा आपल्याला लगेच ओळखू येते.