एलएक्सडीईवर पारदर्शक विंडो: पिकॉम लावा, पण अक्षरं घालवू नका

जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स आणि एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप टाकला की मशीन पळायला लागतं खरं, पण दिसतं मात्र सरकारी कचेरीतल्या कॉम्प्युटरसारखं. विंडोला सावली नाही, टर्मिनल म्हणजे नुसता काळा ठोकळा, व्हिडिओ बघताना मधेच आडवी चीर पडल्यासारखं दिसतं. हे सगळं एका छोट्या प्रोग्रामने सुधारतं, त्याचं नाव पिकॉम. तो कॉम्पोझिटर आहे, म्हणजे विंडोंची चित्रं एकावर एक बसवून स्क्रीनवर दाखवणारा. यावर सल्ल्यांचा ढीग पडलाय, पण त्यातले निम्मे कॉम्प्टनच्या काळातले (कॉम्प्टन म्हणजे याचाच आधीचा अवतार, 2019 मधे नाव बदललं) आणि उरलेल्यांत कोणीतरी आपली भलीमोठी फाइल चिकटवून "हे पेस्ट करा" म्हणून मोकळं झालेलं. पेस्ट करू नका. मी केली होती, आणि मग दोन रात्री त्यातली कुठली ओळ त्रास देतेय ते शोधत बसले.

एक गोष्ट आधीच सांगते, कमांड आणि ऑप्शनची नावं इथे मी देवनागरीत लिहितेय, टाइप करताना ती रोमनमधे करायची, जिथे डॅश तिथे डॅश, आणि ऑप्शन सगळे छोट्या अक्षरात.

सुरू करण्याआधी

एक्सडीजी सेशन टाइप हा व्हेरिएबल (सगळा मोठ्या अक्षरात, शब्दांमधे अंडरस्कोर, आधी डॉलरचं चिन्ह) टर्मिनलमधे एको करून बघा, म्हणजे स्क्रीनवर विंडो दाखवणारी कुठली यंत्रणा चालू आहे ते कळतं. एक्स11 आलं तर पुढे वाचा. वेलँड आलं तर इथेच थांबा, पिकॉम तिकडे चालतच नाही, तिथे ते काम विंडो मॅनेजर स्वतःच करतो. रास्पबेरी पायवाल्यांनी विशेष लक्ष द्या, 2024 च्या ऑक्टोबरपासून तिकडे वेलँडवरचा लॅबडब्ल्यूसी हा विंडो मॅनेजर आलाय, त्यामुळे जुना सल्ला वाचून तिथे पिकॉम टाकलात तर हाती काही लागणार नाही.

एलएक्सडीईऐवजी एक्सएफसीई हा डेस्कटॉप वापरत असाल तर त्याचा स्वतःचा कॉम्पोझिटर असतो, तो विंडो मॅनेजर ट्वीक्समधून आधी बंद करा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, पिकॉम सरळ सांगतो की दुसरा कोणीतरी आधीच बसलाय आणि बंद पडतो.

इन्स्टॉल ॲप्टने करा. किती नंबरची आवृत्ती आली ते पिकॉम डॅश-डॅश-व्हर्जन करून कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

बॅकएंड

होम फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिगमधे पिकॉम-डॉट-कॉन्फ नावाची रिकामी फाइल करा. हो, रिकामी. नमुना फाइल उचलली की बऱ्याचदा त्यात मागच्या विंडो 0.8 वर आणि टायटलबार 0.7 वर आधीच करून ठेवलेले असतात, आणि आपल्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

पहिली ओळ बॅकएंडची, म्हणजे पिकॉमने चित्र कुठल्या पद्धतीने काढायचं त्याची. जीएलएक्स लिहा, व्हीसिंक ट्रू करा, ती आडवी चीर जाईल. जुन्या लेखांत व्हीसिंकपुढे ओपनजीएल-एसडब्ल्यूसी वगैरे लिहिलेलं दिसेल, ते कॉम्प्टनचं, आता फक्त ट्रू किंवा फॉल्स चालतं. ग्राफिक्स फारच म्हातारं असेल तर जीएलएक्सऐवजी एक्सरेंडर.

आता ऑटोस्टार्टमधे टाकायची घाई करू नका. टर्मिनल उघडा, नुसतं पिकॉम टाइप करा आणि चालू ठेवा, मागे ढकलू नका. म्हणजे एरर समोर दिसतात आणि कंट्रोल-सी दाबलं की सगळं पूर्ववत. माझ्या पहिल्या लॅपटॉपवर जीएलएक्स लावल्यावर स्क्रीन ठार काळी झाली होती आणि ऑटोस्टार्टमधे आधीच टाकून ठेवल्यामुळे दर वेळी लॉगिन केलं की परत काळी, शेवटी बटण दाबून मशीन बंद करत बसले. तेव्हा कोणी सांगितलं नाही की कंट्रोल-ऑल्ट-एफ2 दाबून दुसऱ्या कन्सोलवर जायचं, लॉगिन करायचं आणि पीकिल (एकच शब्द, डॅश नाही) पिकॉम म्हणायचं, बास. आता तुम्हाला सांगितलंय.

पारदर्शकता, इथे सगळे अडकतात

विंडो पारदर्शक करण्याचे दोन रस्ते आहेत आणि ते एकच समजणं ही सगळ्यात मोठी चूक. पहिला रस्ता म्हणजे पिकॉमला सांगायचं की ही आख्खी विंडो 85 टक्के कर. तो मग आख्खी विंडो करतो, म्हणजे बॅकग्राउंड, बटणं, आयकॉन आणि अक्षरंसुद्धा. दुसरा रस्ता म्हणजे प्रोग्रामने स्वतःच फक्त आपलं बॅकग्राउंड अर्धपारदर्शक रंगवायचं, अक्षरं ठणठणीत ठेवायची, आणि पिकॉमने नुसतं ते मागच्या चित्रावर बसवायचं.

मी पहिल्या रस्त्याने गेले होते. डेस्कटॉपवर ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचा वॉलपेपर, आणि माउसपॅड या टेक्स्ट एडिटरमधे काळ्या थीमवर पांढऱ्या अक्षरांत मराठी मजकूर, विंडो 80 टक्के. दिसायला झकास. मग मजकूर तपासायला घेतला तर 'मदत' या शब्दावर अनुस्वार. मी बॅकस्पेस मारून पुन्हा लिहिला, अनुस्वार तिथेच. विंडो जराशी सरकवली तर अनुस्वार शेजारच्या शब्दावर गेला. तो वॉलपेपरमधला तारा होता! रोमनमधे कदाचित कोणाला जाणवणार नाही, पण देवनागरीत एका ठिपक्याने शब्द बदलतो, शिवाय वेलांट्यांच्या बारीक रेघा फिक्या पडल्या की डोळे दुखतात. त्यामुळे माझा नियम सरळ आहे, ज्या विंडोत वाचायचं किंवा लिहायचं आहे तिला पिकॉमकडून पारदर्शक करायचंच नाही.

टर्मिनलसाठी एलएक्सटर्मिनलच्या प्रेफरन्सेसमधे स्टाइल टॅबवर जा, बॅकग्राउंडच्या रंगावर क्लिक केलं की रंगाबरोबर ओपॅसिटीचीही पट्टी असते, ती थोडी मागे ओढा. अक्षरं तशीच राहतात, मागचं चित्र दिसतं. टर्मिनलचं काम इथे संपलं, पिकॉमच्या फाइलमधे त्याच्यासाठी एक अक्षरही लिहायचं नाही.

बाकी राहतं ते मागे पडलेल्या विंडो जराशा फिक्या करणं, म्हणजे आत्ता आपण कुठे टाइप करतोय ते पटकन कळतं. त्यासाठी इनॲक्टिव्ह-ओपॅसिटी, मी 0.92 ठेवते. 0.7 वगैरे ठेवणाऱ्यांचे स्क्रीनशॉट छान असतात, त्यांना काम नसावं.

इथून पुढे फसगत सुरू होते. इनॲक्टिव्ह-ओपॅसिटी 0 ते 1 मधे लिहायची, पण एखाद्या ठराविक प्रोग्रामसाठीचा ओपॅसिटी-रूल मात्र 0 ते 100 मधे. का ते विचारू नका, आहे तसं आहे. इनॲक्टिव्ह-ओपॅसिटीला 92 लिहिलंत तर पिकॉम ते गुपचूप 1 धरतो आणि तुम्ही म्हणता काहीच होत नाहीये. उलट रूलमधे 0.92 लिहिलंत तर एरर. रूल लिहायची पद्धत म्हणजे आधी टक्के, मग कोलन, मग अट, उदाहरणार्थ 100, कोलन, क्लास अंडरस्कोर जी, बरोबरचं चिन्ह आणि पुढे सिंगल कोट्समधे एमपीव्ही (हा व्हिडिओ प्लेअर). ही सगळी अट डबल कोट्समधे, आणि बाहेरून चौकोनी कंस. वेबवरून कॉपी केलं तर वळणदार कोट्स येतात, ते चालत नाहीत, हाताने टाइप करा.

हा 100 चा रूल लागतोच. तो नसेल तर एका बाजूला व्हिडिओ लावून दुसरीकडे काही टाइप करायला गेलात की व्हिडिओ फिका पडतो आणि नटाच्या चेहऱ्यावर मागची विंडो दिसायला लागते.

प्रोग्रामचं क्लास-नाव मनाने लिहू नका. टर्मिनलमधे एक्सप्रॉप, स्पेस, डब्ल्यूएम अंडरस्कोर क्लास (हे शेवटचं तेवढं मोठ्या अक्षरात) म्हणा, कर्सर अधिकच्या खुणेसारखा होतो, मग हव्या त्या विंडोवर क्लिक करा. दोन नावं येतात आणि क्लास अंडरस्कोर जीला दुसरं लागतं. फायरफॉक्सचं पहिलं नाव नॅव्हिगेटर येतं, मी कितीतरी दिवस तेच लिहून वाट बघत होते. कॅपिटल-स्मॉलचा फरकही पडतो, तो नको असेल तर बरोबरच्या चिन्हाआधी प्रश्नचिन्ह टाका, म्हणजे पिकॉम दोन्ही सारखंच धरतो.

आणि सगळ्यात वाईट ऑप्शन म्हणजे इनॲक्टिव्ह-ओपॅसिटी-ओव्हरराइड. पेस्ट केलेल्या फाइलमधे मला तो ट्रू मिळाला. तो ट्रू असला की मागे पडलेल्या प्रत्येक विंडोला इनॲक्टिव्हचीच किंमत लागते, तुमचे रूल गेले उडत. माझ्या दोन रात्री यातच गेल्या, कारण रूल बरोबर होता, नाव बरोबर होतं, कोट्स बरोबर होते, आणि व्हिडिओ तरीही फिका. फॉल्स ठेवा किंवा ओळच लिहू नका.

रूलच्या ऐवजी फोकस-एक्सक्लूडमधे एमपीव्हीचं नाव टाकलं तरी चालतं, पिकॉम मग ती विंडो कायम पुढे आहे असंच समजतो. मला व्हिडिओसाठी हेच जास्त आवडतं.

आता तो कागदावरचा नंबर बघा. 12 किंवा त्यापुढचा असेल तर फाइलमधे रूल्स नावाचा नवा प्रकारही चालतो, चांगला आहे, पण जुनं आणि नवं एकत्र करू नका, रूल्स लिहिलं की पिकॉम जुने ओपॅसिटी-रूल, फोकस-एक्सक्लूड वगैरे बघतच नाही. अर्धी फाइल एका लेखातून आणि अर्धी दुसऱ्यातून घेणाऱ्यांचं इथेच बिनसतं.

सावली, फेड, ब्लर

शॅडो ट्रू, रेडियस 7, दोन्ही ऑफसेट उणे 7. काही जीटीकेचे प्रोग्राम आपली सावली आपणच काढतात, तिथे दोन-दोन सावल्या दिसल्या तर त्यांची नावं शॅडो-एक्सक्लूडमधे टाका. डेस्कटॉपवर मशीनची माहिती दाखवणाऱ्या कॉन्कीचंही तेच.

फेडिंग, म्हणजे विंडो हळूहळू उमटणं, मी बंद ठेवते, मेनू उघडायला वेळ लागतोय असं वाटतं. गोल कोपरे हवे असतील तर कॉर्नर-रेडियस, आवृत्ती 9 पासून आहे.

ब्लर, म्हणजे पारदर्शक विंडोच्या मागचं चित्र धुसर करणं, मात्र 2 जीबीच्या मशीनवर लावू नका. कॉम्पोझिटर नसताना विंडो थेट स्क्रीनवर रंगते, तो आला की प्रत्येक विंडोचं वेगळं चित्र मेमरीत ठेवून मग ती एकावर एक बसवली जातात. 1366 बाय 768 च्या स्क्रीनवर पूर्ण आकाराच्या एका विंडोला साधारण 4.2 एमबी, हे चालून जातं. पण ब्लर म्हणजे मागचं चित्र हललं की तो भाग पुन्हा धुसर करत बसायचं, आणि पंखा घरघरायला लागतो.

ऑटोस्टार्ट

सगळं मनासारखं झालं, दोन दिवस हाताने चालवून झालं, की मगच. ओपनबॉक्सच्या (एलएक्सडीईचा विंडो मॅनेजर) ऑटोस्टार्ट फाइलमधे टाका असं जागोजागी वाचाल, एलएक्सडीईमधे ती फाइल वाचलीच जात नाही. इथे डॉट-कॉन्फिगच्या आत एलएक्ससेशन, त्याच्या आत एलएक्सडीई (हे मोठ्या अक्षरात), त्यात ऑटोस्टार्ट. ती फाइल नसेल तर नवी रिकामी करू नका, ईटीसी-एक्सडीजीमधली सिस्टिमची कॉपी करून घ्या आणि तिच्या शेवटी पिकॉमची ओळ जोडा, नाहीतर पुढच्या लॉगिनला पॅनेल गायब आणि डेस्कटॉपवर आयकॉन नाहीत. बाकीच्या ओळींपुढे ॲट-द-रेट असतो, म्हणजे प्रोग्राम क्रॅश झाला तर परत चालू करायचा. पिकॉमपुढे तो मी लावत नाही, पडला तर पडू दे.

आणि एक की बांधून ठेवा. एलएक्सडीईच्या ओपनबॉक्सची फाइल एलएक्सडीई-आरसी-डॉट-एक्सएमएल, त्यात मी विंडोज-की आणि पी ला ही कमांड दिलीय: एसएच डॅश-सी, पुढे कोट्समधे पीकिल पिकॉम, दोन उभ्या रेघा, पिकॉम डॅश-बी. एसएच विसरू नका, ओपनबॉक्सला त्या उभ्या रेघा कळत नाहीत. ओपनबॉक्स डॅश-डॅश-रीकॉन्फिगर केलं की चालू. एकदा दाबलं की सगळं साधं, परत दाबलं की परत चकाचक, आणि कोणाला स्क्रीन शेअर करून टर्मिनल दाखवायचं असेल तेव्हा मागचा वॉलपेपर त्यांना बघावा लागत नाही.